घाटाखालची आपली नदी



नववीत सरांनी मला नकाशासमोर उभं करून विचारलं होतं, "गगनबावड्यात पडलेला पाऊस कुठल्या समुद्राला मिळतो?" मी छाती काढून सांगितलं, "अरबी." समुद्र तिथून सरळ रेषेत जेमतेम ५५ किलोमीटर; दुसरं उत्तर असेल कसं? सर म्हणाले, "निम्मं बरोबर. उरलेल्या निम्म्यासाठी उभा राहा." तास संपेपर्यंत उभा होतो.

निम्मं उत्तर आपल्या वसतिगृहातल्या खारेपाटणच्या मित्राच्या गावातून वाहतं. तो आज इथं बसलाय. घाटमाथ्याच्या पश्चिमेचं पाणी कडा उतरून शुक नदीनं खारेपाटणला येतं आणि वाघोटनच्या खाडीतून विजयदुर्गाला समुद्रात जातं. पूर्वेचं कुंभीतून पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत आणि हजाराहून अधिक किलोमीटर फिरून बंगालच्या उपसागरात.

हा फरक मला खरा कळला ऑगस्ट २०१९ मध्ये. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर. आईला घेऊन वरच्या मजल्यावर बसलो होतो. खारेपाटणहून रोज फोन, "अजून उतरलं नाही?" पाणी त्याच्या बाजारपेठेतही शिरतं. पण तिथं उतार तीव्र, समुद्र जवळ. भरती असली की नदी तटते. ओहोटी, त्याच्या भाषेत सुकती, लागली की वाट मोकळी. आपल्याकडं उतार संपलेला, आणि पुढं फुगलेली कृष्णा पंचगंगेला आत घेत नाही.

तरी ही नदी आपल्याला परकी नव्हे. पन्हाळा, गगनगड आणि विजयदुर्ग हे तिन्ही किल्ले शिलाहार राजा दुसरा भोज याचे म्हणून सांगितले जातात. नकाशावर तीन टिंबं जोडा, कोल्हापूरची समुद्राकडची वाट दिसेल. गलबतं तेव्हा खारेपाटणपर्यंत येत. रट्टराजाचा शके ९३०चा ताम्रपट तिथंच सापडला. पुढं खाडी गाळानं उथळ झाली, बंदर मागं पडलं.

आणखी एक, सरांनी कधी सांगितलेलं. पश्चिमेकडचे ओढे जास्त उताराचे, म्हणून ते कडा कुरतडत पूर्वेकडं, म्हणजे आपल्याकडं सरकतात. मी मित्राला म्हटलं, "लाखो वर्षांनी कुंभीचं पाणीसुद्धा तुझ्याच दारात येईल."

तो म्हणाला, "येवंदे रे. सुकती लागली काय जातला."