यंत्र, हात आणि दाम
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



साठ वर्षांपूर्वी कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या तरुणाची खरी पुंजी त्याच्या हातांत असे. लेथचे चाक किती फिरवायचे, हे बोटांना कळे. टूलची धार गेल्याचे कानाला कळे. आज त्याच फाटकातून आत जाणाऱ्या तरुणासमोर काचेआड चालणारे यंत्र आणि आकड्यांनी भरलेला पडदा असतो. या बदलाने कामगाराचे कसब वाढले की घटले, आणि त्याच्या पगाराचे काय झाले, हा प्रश्न आज अनेक पालकांच्या मनात आहे.

मुंबईच्या गिरणगावाने हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी अनुभवला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेले हजारो लोक तेथे राबत होते. एक विणकर सर्वसाधारणपणे दोन साचे सांभाळत असे. 1928 च्या सुमारास काही मालकांनी एका विणकराने तीन साचे चालवावेत आणि सूतखात्यात एकाने दुप्पट बाजू पाहाव्यात, अशी पद्धत आणली. उत्पादन वाढेल आणि कामावर राहणाऱ्याला जास्त पैसे मिळतील, असे त्यांचे म्हणणे होते. कामगारांचा हिशेब याहून साधा होता. सहा साच्यांवर पूर्वी तीन माणसे लागत, आता दोनच लागणार; म्हणजे तिसऱ्याच्या घरची चूल विझणार. शिवाय धागा वारंवार तुटत असेल, तर तिसऱ्या साच्याचा ताण उरलेल्या दोघांच्याच अंगावर पडणार. एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने संप चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले आणि अखेर हा वाद फॉसेट समितीपुढे गेला. यंत्राविषयीच्या अडाणी भीतीतून हा संप झाला, असे मानणे अन्यायाचे होईल. एकाच्या हातून अधिक काम होऊ लागले की वाढलेला लाभ कोणाच्या पदरात पडावा आणि जो बाहेर पडतो त्याचे काय व्हावे, हा त्या संपामागचा प्रश्न होता. तो आजही मिटलेला नाही.

आता कसबाकडे वळावे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत 1952 साली छिद्रांच्या फितीवरील आकड्यांनुसार धातू कापणारे यंत्र दाखवण्यात आले. आजची सीएनसी यंत्रे त्याच वंशातली. साध्या लेथवर चांगला टर्नर घडायला वर्षे लागत. सीएनसी लेथवर जॉब लावणे, दार बंद करणे आणि बटण दाबणे, एवढे काम नवखा मुलगा थोड्याच दिवसांत शिकतो. एवढ्यावरून पाहिले तर कसब संपले, असेच वाटेल. पण ते कसब नाहीसे झालेले नाही. ते हातातून निघून यंत्र चालू होण्याआधीच्या कामात जाऊन बसले आहे. कोणते टूल आधी चालवावे, किती वेगाने कापावे, धातू तापल्यावर माप किती सरकेल, हे सारे कोणीतरी आधी ठरवावे लागते.

म्हणूनच एकाच यंत्राभोवती आज तीन पायऱ्या दिसतात. ऑपरेटर जॉब लावतो आणि काढतो. सेटर यंत्राची जुळणी करतो, टूल झिजले की मायक्रोमीटरने माप घेऊन तेवढा फरक यंत्रात भरतो. प्रोग्रॅमर रेखाचित्र वाचून यंत्राला आज्ञा लिहून देतो. पहिल्या पायरीवरच्या माणसाच्या जागी दुसरा माणूस सहज मिळतो, म्हणून त्याच्या पगाराला जोर नसतो. तिसऱ्या पायरीवरचा माणूस आजारी पडला तर यंत्र उभे राहते. त्यामुळे त्याचे मोल वाढते. एकाच छपराखाली एकाच यंत्राने एकाला वर नेले आणि दुसऱ्याला जागच्या जागी ठेवले.

मात्र कसब वाढले की पगार आपोआप वाढतो, असेही समजू नये. कंत्राटी नेमणूक हे त्याचे मोठे कारण. उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार या शतकाच्या आरंभी कारखान्यांतील पाच कामगारांपैकी सुमारे एक जण कंत्राटदारामार्फत कामावर होता; अलीकडे पाचांपैकी सुमारे दोघे तसे आहेत. ज्याची नेमणूक काही महिन्यांचीच आहे, त्याला सेटरचे काम शिकवण्यात कारखान्याला रस नसतो, आणि त्यालाही शिकण्याची उमेद राहत नाही. अशा ठिकाणी यंत्र नवे असते, पण माणूस पहिल्याच पायरीवर अडकतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामागचा हेतू काम करता करता शिकण्याचा होता. उमेदवाराला स्वस्त मजूर समजून वापरले, तर तो हेतूच हरवतो.

पहिल्या पायरीवरून दुसरीकडे नेणारा जिना शाळेतूनच सुरू होतो. सीएनसी लेथवर एक्स अक्ष व्यास दाखवतो आणि झेड अक्ष लांबी. ही शाळेत आलेखाच्या कागदावर शिकलेली निर्देशक भूमितीच होय. उतरता व्यास कापायचा तर कोन काढावा लागतो, आणि तेथे त्रिकोणमिती कामी येते. ज्याला हे मातृभाषेत समजले आहे, त्याला यंत्राच्या पडद्यावरचे इंग्रजी शब्द फार काळ अडवत नाहीत. शब्द आठवड्यात पाठ होतात. संकल्पना तशी पाठ होत नाही. ज्याने ती केवळ गुणांसाठी घोकली, त्याला मात्र माप चुकल्यावर कोठे चुकले हे सापडत नाही.

पालकांनी मुलाला आयटीआयला घालताना किंवा कारखान्यात पाठवताना पहिला पगार किती, हे विचारावेच. त्याबरोबर, तेथे त्याला पुढचे काम कोण शिकवणार आणि किती दिवसांत, हेही विचारावे. मोठ्या पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कारखान्यातल्या ऑपरेटरला सेटरच्या शेजारी उभे राहायला रोज थोडा वेळ मिळतो का, ते पाहावे.

1928 च्या विणकरांनी तिसऱ्या माणसाची चिंता वाहिली. आजच्या यंत्रांभोवतीही तो तिसरा माणूस उभा आहे. त्याच्या हाती मायक्रोमीटर देणे आणि त्यावरचे माप वाचायला शिकवणे, हे कारखान्याचे काम आहे आणि शाळेचेही. हीरकमहोत्सवाच्या या वर्षी शाळेने आपला तेवढा वाटा पुन्हा उचलावा, ही सदिच्छा.