परीक्षा एकीची, तयारी गटाची

 आम्ही देहूच्या महिला बचत गटातल्या बायका.

एरवी आम्ही इथे कर्जाच्या हप्त्यांबद्दल, मसाल्याच्या ऑर्डरींबद्दल, नाहीतर बँकेच्या कागदांबद्दल बोलतो. आज एका परीक्षेबद्दल बोलायचंय. आमच्या गटातल्या एका ताईंची सून ईएमटीच्या शेवटच्या परीक्षेला बसतेय. तुकाराम बीज झाली की आठव्या दिवशी तिची परीक्षा. बीजेला देहूत काय गर्दी असते, ते सांगायला नको. घरोघरी पाहुणे, सकाळपासून चहाचं पातेलं गॅसवरून उतरत नाही. त्याच दिवसांत हिला अभ्यास करायचाय. नवरा चाकणच्या कंपनीत पाळीवर, पदरात चार वर्षांचं मूल. म्हणून गटाने ही तयारी आपल्या हातात घेतली. तुमच्याही गावात अशी एखादी लेक-सून असेल, तेव्हा आम्ही काय केलं ते नीट ऐका.

आधी ईएमटी म्हणजे कोण, ते सांगतो. रुग्णवाहिकेत पेशंटच्या शेजारी बसून दवाखाना येईपर्यंत त्याला सांभाळणारा शिकलेला माणूस, तो ईएमटी. ऑक्सिजन लावणं, रक्त थांबवणं, मोडलेलं हाड बांधणं, श्वास बंद पडला तर छातीवर दाब देणं आणि गाडीतच बाळ झालं तर बाळ-बाळंतीण दोघांना जपणं, ही त्याची कामं. तळवड्याकडून चाकणला जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी गाड्या कशा तुंबतात ते आपण रोज बघतो. अशा वेळी पिंपरीच्या वायसीएमला पोचेपर्यंत पेशंट असतो तो याच माणसाच्या हातात. आणि बाळंतपणाच्या कळा देणाऱ्या बाईला विचारा, शेजारी बाई असली की तिला किती धीर येतो.

नोकरीचं खरं चित्रही सांगायला हवं. आंध्र प्रदेशात २००५ साली १०८ ची सेवा सुरू झाली, ती गाडीतल्या ईएमटीच्या भरवशावर. आपल्या महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, तेव्हा गाडीत डॉक्टर ठेवण्याची पद्धत घेतली. म्हणजे ‘परीक्षा पास झाली की १०८ वर नोकरी’ असं कोणी सांगत असेल तर लगेच विश्वास ठेवू नका. आपल्या भागात कामाच्या जागा आहेत त्या खासगी रुग्णालयं, त्यांच्या रुग्णवाहिका आणि कारखाने. पाचशेहून जास्त कामगार असतील तर कारखान्यात अ‍ॅम्ब्युलन्स रूम हवी, हा नियम १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आलाय. चाकण, तळेगावच्या पट्ट्यात असे कारखाने काही कमी नाहीत. तिथे नर्स आणि डॉक्टर लागतातच. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला कुठे जागा आहे, ते विचारत फिरावं लागतं. गटाने तशा चौकशीची यादी केलीय.

फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कोण देणार? परीक्षा घ्यायला बाहेरचा परीक्षक येतो का? आणि शिकताना खऱ्या रुग्णालयात, खऱ्या रुग्णवाहिकेत किती दिवस काम मिळणार? बहुतेक ठिकाणी बारावी विज्ञान लागतं, तेही आधीच बघा. एका क्लासवाल्याने आमच्या सुनेला पहिल्यांदा ‘नोकरीची हमी’ म्हणून फी मागितली होती. प्रमाणपत्राचा नमुना दाखवा म्हटल्यावर तो टाळाटाळ करायला लागला. तिथे आम्ही पैसे भरले नाहीत.

आता परीक्षेकडे येऊ. तिचे तीन भाग आहेत. लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी. लेखीची सगळ्यांना भीती असते, कारण पुस्तकं इंग्रजी. आमची सून मराठी शाळेत शिकलेली. तिने एक वही केली. पानाच्या एका बाजूला पुस्तकातला शब्द, दुसऱ्या बाजूला आपला. सीझर म्हणजे आकडी, फिट. डिस्प्निया म्हणजे धाप. सिन्कोप म्हणजे भोवळ. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर उतरणं. मग गटातल्या बायकांनी तिसरा रकाना भरला. खरा पेशंट हे कोणत्या शब्दांत सांगतो? कोणी म्हणालं, ‘जीव घाबरा होतोय.’ कोणी म्हणालं, ‘छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं वाटतंय.’ कोणी म्हणालं, ‘डोळ्यांपुढे अंधारी येतेय.’ पेशंट काही पुस्तकातला शब्द सांगत नाही. म्हणून हा तिसरा रकाना परीक्षेलाही उपयोगाचा आणि नोकरीलाही. एक गोष्ट तुम्हीही लक्षात ठेवा. बाईच्या हृदयविकारात छातीत कळ येतेच असं नाही. नुसती धाप, दरदरून घाम, पाठीत किंवा जबड्यात दुखणं, मळमळ, एवढंच असू शकतं. ‘पित्त झालंय’ म्हणून ती झोपून राहते आणि वेळ जातो.

खरी अडचण प्रात्यक्षिकात आली. सरावाच्या परीक्षेत आमच्या सुनेला सगळं येत होतं, तरी गुण कमी पडले. कारण ती मनातल्या मनात करत होती. परीक्षकाच्या हातात एक यादी असते. जे त्याला दिसतं आणि ऐकू येतं, त्यावर तो खूण करतो. ‘जागा सुरक्षित आहे का’ हे तुम्ही मनात म्हटलं तर त्याला कसं कळणार? शिवाय त्या यादीला क्रम असतो. रक्त वाहताना दिसलं म्हणून थेट धावलं आणि हातमोजे राहिले, की पहिलाच गुण गेला. रस्त्यावर तर त्याहून वाईट. मागून येणाऱ्या ट्रककडे न बघता धावणारा स्वतःच दुसरा पेशंट होतो.

म्हणून आमच्या तयारीचा एकच नियम ठरला. क्रमाने करायचं आणि मोठ्याने बोलायचं. आधी जागा सुरक्षित आहे का. हातमोजे. पेशंट किती आहेत. मग हाक मारायची, खांदा थोपटायचा. उत्तर नसेल तर मदत मागवायची. श्वास आणि नाडी बघायची, दहा सेकंदांच्या आत. आमच्या सुनेने हे स्वयंपाक करता करता म्हणायला सुरुवात केली. चार दिवसांत तिच्या सासूबाईंनाही पाठ झालं.

छातीवर दाब देण्याचा सराव मात्र माणसावर करायचा नाही, हे नीट लक्षात ठेवा. ज्याचं हृदय चालू आहे, त्याच्या छातीवर असा दाब दिला तर इजा होते. आम्ही जुनी गोधडी घट्ट गुंडाळून दोरीने बांधली आणि फरशीवर ठेवली. खरी माप असलेली बाहुली क्लासमध्ये असते, इथे फक्त हाताची लय बसवायची. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जायला हवी आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर यायला हवी. तीस दाब, मग दोन श्वास. लय बरोबर आहे की नाही हे घड्याळ सांगतं. तीस दाब पंधरा ते अठरा सेकंदांत झाले पाहिजेत. बारा सेकंदांत झाले तर घाई झाली, वीस लागले तर हात मंदावला. एक ताई मोबाईल धरून वेळ सांगायची. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ पडतो.

काही गोष्टी एकटीने करताच येत नाहीत, आणि तिथेच गट कामाला आला. मान किंवा पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं तर तीन-चार जणी लागतात. डोकं जिच्या हातात, हुकूम तिचा. ती ‘एक, दोन, तीन’ म्हणेल तेव्हाच सगळ्यांनी एकदम वळवायचं. आमच्यातल्या दोघी-तिघी हौसेने पेशंट झाल्या. मोडलेल्या हातासाठी जाड वर्तमानपत्राची गुंडाळी आणि ओढणी. त्यातही एक हमखास चुकणारा गुण आहे. बांधण्याआधी आणि बांधल्यानंतर, दोन्ही वेळा बोटांचा रंग, नाडी आणि स्पर्श कळतो का ते बघायचं. बांधणं घट्ट झालं तर बोटं गार पडतात.

शुद्धीवरच्या पेशंटला काय विचारायचं, त्यासाठी पुस्तकात इंग्रजी अक्षरांची एक युक्ती आहे. ती हिच्या डोक्यात बसेना. मग आम्ही ती हातावर बसवली. अंगठा, त्रास काय होतोय. पहिलं बोट, कशाची अ‍ॅलर्जी आहे का. मधलं बोट, औषधं कोणती चालू आहेत. चौथं बोट, आधीचा आजार. करंगळी, शेवटचं काय आणि कधी खाल्लं. आणि तळहात, हे सगळं घडलं कसं. पाच बोटं आणि तळवा. परीक्षेत हात काही विसरत नाही.

तोंडी परीक्षेत ‘काय कराल’ याच्या पाठोपाठ ‘का’ येतो. आम्ही रोज दोन ‘का’ विचारायचो. साप चावल्यावर आवळून का बांधायचं नाही? कारण रक्त अडून अवयव निकामी होऊ शकतो. चिरा का द्यायचा नाही? कारण विष त्याने निघत नाही, रक्तस्राव आणि जखम मात्र वाढते. मग करायचं काय? हात-पाय हलू न देता लवकर दवाखाना, कारण प्रतिसर्पविष तिथेच मिळतं. भाजल्यावर टूथपेस्ट का नाही? कारण उष्णता आत कोंडते. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी हवं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर का घालायची नाही? कारण ती श्वासनळीत जाते. दिवस भरत आलेली बाई आडवी झाली तर डाव्या कुशीवर का? कारण उताणं झोपल्यावर पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो.

आता थोडं जड बोलतो. १५ जून २०२५ ला, रविवारी, आपल्या इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार माणसं गेली, पन्नासच्या आसपास जखमी झाली. देहूपासून ते ठिकाण लांब नाही. एकदम इतके जखमी समोर आले तर आधी कोणाकडे जायचं? याचाही प्रश्न परीक्षेत असतो. त्यासाठी चार रंग आहेत. जो चालू शकतो तो हिरवा. ज्याचा श्वास मिनिटाला तीसच्या वर आहे, किंवा मनगटाची नाडी लागत नाही, किंवा साधं सांगितलेलं कळत नाही, तो लाल, आधी त्याच्याकडे. चालता येत नाही पण हे बाकी सगळं ठीक, तो पिवळा. वायुमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तो काळा. आम्ही बारा चिठ्ठ्या केल्या, बारा बायकांना वाटल्या आणि मंदिराच्या ओट्यावर बसवलं. आमची सून आधी मोठ्याने ओरडणारीकडे धावली. तेव्हा तिच्या सासूबाईच म्हणाल्या, ‘अगं, ओरडतेय म्हणजे श्वास घेतेय. गप्प पडलीय तिच्याकडे जा.’ वर्गातलं कितीतरी शिकवणं त्या एका वाक्यात होतं.

राहिला वेळेचा प्रश्न. अभ्यास करायला बाईला पुस्तक मिळतं, पण तास मिळत नाही. गटाच्या बैठकीत ठराव झाला आणि तो वहीत लिहिला. बीजेच्या आधीचे आठ आणि नंतरचे सात दिवस, संध्याकाळी सात ते नऊ, हिने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. भाकरी कोणी द्यायची, मूल कोणाकडे, पाहुण्यांचं कोण बघेल, याची नावानिशी पाळी लावली. परीक्षेची फी आणि जाण्या-येण्याचा खर्च अंतर्गत कर्जातून दिला. व्याज नेहमीचंच, हप्ता मात्र परीक्षेनंतर दोन महिन्यांनी सुरू. उपकार नको म्हणून ते कर्ज आहे, आणि मुदत तिला झेपेल अशी आहे. सुरुवातीला दोघी-तिघी कुरकुरल्या. गट काय शिकवणी चालवायला आहे का, म्हणाल्या. त्यांचंही चुकीचं नव्हतं, पैसा सगळ्यांचा आहे. आता त्यातलीच एक ताई रोज घड्याळ धरते.

तिचा निकाल काय लागेल, ते आज आम्ही सांगू शकत नाही. राहिलं तर पुन्हा बसेल, वही तयार आहे. पण आमच्या गल्लीत आज वीस बायकांना रक्त कसं दाबून धरायचं ते येतं. अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून २०१९ साली मोटार वाहन कायद्यात संरक्षणाची तरतूद झाली, हेही त्यांना माहीत आहे. रस्त्यावर पडलेल्या माणसाला हात लावायला त्या आता घाबरणार नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक विषय वाढवा. आपल्या गटातल्या कोणाच्या घरात कोण कुठल्या परीक्षेला बसलंय, नर्सिंग, पोलीस भरती, तलाठी, काहीही असो, ते विचारा. तिला पैसे हवेत की वेळ, की नुसतं समोर बसून ऐकणारं माणूस, तेही विचारा आणि वहीत लिहा. आमच्या शब्दांच्या वहीची प्रत हवी असेल त्यांनी बैठकीच्या दिवशी देहूत यावं. आणि घरातल्या भिंतीवर तीन आकडे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रुग्णवाहिकेला १०८, गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२, आणि कुठल्याही संकटात ११२.

राम कृष्ण हरी.