आजाऱ्याच्या उशाशी बायबल



वसंतातल्या व्याख्यानाला आजारपणाचा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडील, हे आम्ही जाणून आहोत. पण वर्सोव्यात हा विषय उपरा म्हणता येणार नाही. येथील कॅथलिक चर्च ज्या मरियामातेच्या नावाचे आहे, तिला आरोग्यमाता म्हणतात. येथून वांद्र्यास गेले, की मोतमाउलीच्या टेकडीवर सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे, मेणाची तान्ही मुले विकावयास मांडलेली दिसतात. ज्याचे जे दुखते, ते मेणाचे घेऊन तो माउलीच्या पायाशी ठेवतो. घेणाऱ्यांत ख्रिस्ती असतात, तशीच कुंकू लावलेली कोळीणही असते. नवसाची आम्ही थट्टा करणार नाही. ज्याच्या घरी दुखणे आहे, त्याने कोणते दार ठोठवावे हे ज्याच्या घरी नाही त्याने ठरवू नये. पण एक प्रश्न उरतोच. नवस फळला नाही, दुखणे हटले नाही, वैद्याने मान हलवली, तर त्या माणसाला ख्रिस्ती धर्मग्रंथ काय सांगतो? आज आम्हांस तेवढेच पाहावयाचे आहे. आम्ही धर्मोपदेशक नव्हे. एक जुना ग्रंथ आपल्या मराठीतून वाचणारे, इतकाच आमचा अधिकार.

मराठीतून म्हणतो, ते मुद्दाम. ही ख्रिस्तकथा आपल्या भाषेत आली त्याला चारशे वर्षे उलटून गेली. इंग्लंडात जन्मलेले फादर स्टीफन्स 1579 साली गोव्यास उतरले, आणि त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले. राचोल गोव्यातल्या साष्टीत, आणि आपले वर्सोवेही साष्टीतच, पण या दोन साष्टी निराळ्या. घोटाळा होऊ नये. पुढे विल्यम केरी यांनी श्रीरामपुराहून, म्हणजे बंगालातल्या, मत्तयाचे शुभवर्तमान 1805 मध्ये व संपूर्ण नवा करार 1811 मध्ये मराठीत काढला. हा इतिहास येथेच सोडून आपण ग्रंथात शिरू.

आजाऱ्याने, आणि त्याहून अधिक आजाऱ्याच्या नातलगांनी, प्रथम ईयोबाचे पुस्तक वाचावे. बेचाळीस अध्याय आहेत. ईयोब हा सज्जन गृहस्थ. त्याची मुले जातात, गुरेढोरे जातात, शेवटी अंगभर गळवे उठतात, आणि तो राखेत बसून खापराने अंग खाजवतो. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, समाचाराला येतात. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. कोणी चकार शब्द काढत नाही. आमच्या मते त्या तिघांनी साऱ्या पुस्तकात केलेले एकमेव शहाणपणाचे काम ते हेच. आठव्या दिवसापासून ते बोलू लागतात, आणि तेथून सारे बिघडते. तुझ्या हातून काही पाप घडले असेल, आठवून पाहा. देव अन्याय करीत नाही. कबूल हो म्हणजे बरा होशील. हे बोल आपण ऐकलेले नाहीत असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे! आपल्याकडे त्याला पूर्वजन्मीचे भोग म्हणतात, एवढाच फरक. रुग्णाच्या खाटेशेजारी बसून मोसंबी सोलता सोलता त्याच्या पापपुण्याचा हिशेब मांडणारे अलीफज प्रत्येक आळीत आहेत.

ईयोब त्यांचे ऐकत नाही. तो देवाशी भांडतो, जन्मल्या दिवसाला शिव्या देतो, मला जाब दे म्हणून आकाशाकडे ओरडतो. आणि पुस्तकाच्या शेवटी देव कोणावर रागावतो? भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची वकिली करणाऱ्या त्या तिघा मित्रांवर. ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही नाही, असा त्यांना निकाल मिळतो. दुःखाने वेडावून देवाला चार शब्द सुनावले म्हणून मनात भीत बसलेल्या कितीतरी माणसांना हा निकाल ठाऊकच नसतो.

हाच प्रश्न नव्या करारात पुन्हा येतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्य दिसताच शिष्य येशूला विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रश्नात दोनच पर्याय आहेत, आणि येशू दोन्ही नाकारतो. आजार म्हणजे शिक्षा, हे समीकरण तो मोडून टाकतो. ते अनेक उपदेशकांनी पुन्हा जुळवले ही गोष्ट निराळी.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातली एक कथा आम्हांस विशेष आवडते. कफर्णहूम हे सरोवराकाठचे गाव. पेत्र, आंद्रिया हे तेथले मासे धरणारे, तेव्हा वर्सोव्याच्या श्रोत्यांना ते परके वाटू नये. एका पक्षाघाती माणसाला चौघे जण खाटेवर घालून आणतात. दाराशी गर्दी इतकी, की आत शिरता येत नाही. मग ते घरावर चढतात, छप्पर उकरतात आणि खाट दोरांनी खाली सोडतात. ज्याचे छप्पर उकरले त्या घरधन्याचे काय झाले हे मार्काने लिहिलेले नाही! पण एक गोष्ट त्याने लिहिली आहे, ती पुष्कळांच्या नजरेतून सुटते. येशूने श्रद्धा पाहिली ती त्या माणसांची, आणणाऱ्यांची. खाटेवरच्याची श्रद्धा किती, हे कोणी विचारलेच नाही. दीर्घ दुखण्यात माणसाची प्रार्थनेची ताकदही संपते. मग त्याला वाटू लागते, की माझी श्रद्धा कमी पडली म्हणून मी बरा होत नाही. आजारावर हा दुसरा आजार. त्याला ही कथा वाचून दाखवावी. आपल्याकडे चौघांच्या खांद्यावर चढण्याची पाळी मेल्यावरच येते. येथे जिवंत माणसाला चौघांनी उचलले आहे.

आता औषधाविषयी. प्रार्थना करा आणि गोळ्या फेकून द्या, असे सांगणारे लोक पूर्वीही होते, आजही आहेत, आणि ते बायबलचाच आधार देतात. त्यांना आम्ही बायबलच दाखवू. हिज्कीया राजा मरणाला टेकला. तो भिंतीकडे तोंड करून रडला, त्याची प्रार्थना ऐकली गेली, त्याला पंधरा वर्षे वाढवून मिळाली. एवढे सगळे झाल्यावर यशया संदेष्टा काय सांगतो? अंजिरांचा लेप करून गळवावर बांधा! प्रार्थना फळली तीही पोटिसासकट. नव्या करारातला लूक हा पेशाने वैद्य होता, पौल त्याचा तसा प्रेमाने उल्लेख करतो. पौल स्वतः तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो. जा, प्रार्थना कर, बरा होशील, असे तेथे म्हणत नाही. कॅथलिकांच्या बायबलात बेनसिराचे पुस्तक आहे, त्याच्या अडतिसाव्या अध्यायात तर वैद्याचा मान राखा, औषधे देवानेच भूमीतून उपजवली आहेत, असा स्पष्ट उपदेश आहे. ज्या मिशनऱ्यांनी हा ग्रंथ महाराष्ट्रात आणला, त्यांच्यापैकीच डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेस रुग्णालय उभारले. ग्रंथ आणि शस्त्रक्रियेची सुरी यांत त्यांना वैर दिसले नाही.

परंतु औषधही हरते. अशा वेळचे दोन प्रसंग ध्यानात घ्यावे. पौलाला शरीरात कसलेसे शल्य होते; ते नेमके काय, यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. ते दूर व्हावे म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. आणि अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने, हा प्याला टळावा म्हणून, तीनदाच प्रार्थना केली. शल्य गेले नाही. प्यालाही टळला नाही. म्हणजे ज्याच्या हातून एवढे रोगी बरे झाले म्हणून सांगतात, त्याचीच प्रार्थना, मागितली त्या अर्थाने, फळली नाही. हे ग्रंथकारांना लपवता आले असते. त्यांनी लपवले नाही, यामुळे आम्हांस या ग्रंथाविषयी विश्वास वाटतो. पौलाला उत्तर मिळाले ते सामर्थ्याचे नव्हे, तर दुर्बलतेतच कृपा पुरेल असे. हे उत्तर सोपे नाही. धडधाकट माणसाने ते आजाऱ्याच्या तोंडावर फेकू नये. ज्याने सोसले त्यानेच ते म्हणावे.

सोसून म्हणणारे माणूस आपल्या मराठीत झाले, त्या पंडिता रमाबाई. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. जन्म 1858 चा. ऐन तारुण्यात दुष्काळाने वडील अनंतशास्त्री, आई आणि बहीण यांना काही महिन्यांच्या अंतराने नेले. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरी वर्षाचीही न झालेली मनोरमा. पुढे इंग्लंड, 1883 चा बाप्तिस्मा, अमेरिका, शारदासदन, केडगावचे मुक्तिसदन, हे आपणांस ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नसते ते असे, की या बाईंनी उतारवयात बायबलचे भाषांतर एकटीच्या बळावर हाती घेतले. त्या काळी मराठी बायबल नव्हते असे नाही. होते, पण त्याची भाषा दुष्काळातून उचलून आणलेल्या खेड्यातल्या मुलीबाळींना पेलत नव्हती. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचत होते, ‘सरस्वती’ ही पदवी कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना दिली होती, त्यांनी ग्रंथ सोपा व्हावा म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकावयास घेतले! पंडितांना कठीण लिहिण्यासाठी कष्ट पडत नाहीत, सोपे लिहिण्यासाठी पडतात.

काम वर्षानुवर्षे चालले. कानांनी फारसे ऐकू येत नव्हते, शरीर थकत चालले होते. आश्रमातच छापखाना, आणि तेथे काम करणाऱ्या आश्रमातल्याच स्त्रिया. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली. चाळीस वर्षांची लेक, आश्रमाचा पुढचा आधार. त्यानंतर रमाबाई नऊ महिनेही जगल्या नाहीत. त्या दिवसांत त्यांनी काय केले? मुद्रिते तपासली. अखेरची मुद्रिते हातावेगळी होईपर्यंत आयुष्य पुरावे, एवढेच त्यांचे मागणे होते, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आहे. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. मुलीच्या मृत्यूनंतर ईयोबाची, स्तोत्रांची ती पाने त्यांच्या डोळ्यांखालून कशी गेली असतील, याचा ज्याने त्याने विचार करावा. ज्या वाक्यात आपण सांत्वन शोधतो, त्याच वाक्यात त्या काना-मात्रा शोधीत होत्या. कदाचित तेच त्यांचे सांत्वन असेल.

पण प्रत्येकाला रमाबाईंचे भाग्य लाभत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ जेमतेम सुरू झाले होते. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. पोथीतले उरलेले काम दुसऱ्याच्या हाती जाते, तेही आजाऱ्याने मान्य करावे लागते, आणि ते आम्हांस मरणाहून अवघड वाटते. अलीकडचे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. त्यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीस दिले. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद प्रकृती साथ देत नसताना पत्करले. 2024 च्या जुलैत ते गेले.

एक प्रथेची गोष्ट सांगावयाची राहिली. कॅथलिक घरांत आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी आहे. त्याचे मूळ याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात. पण तो शतकानुशतके अखेरच्या घटकेचा विधी होऊन बसला. पाद्री तेलाची कुपी घेऊन आला, की आजाऱ्याने ओळखावे, आटोपले! म्हणून घरचे लोक त्याला बोलावण्याचेच टाळीत. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हे बदलले, आणि 1972 मध्ये विधीला नवे रूप आले. आता तो मरणाऱ्यांचा नव्हे, आजाऱ्यांचा विधी आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीही घेता येतो. जुनी भीती मात्र घराघरांतून अजून गेलेली नाही.

आणि जेथे बरे होण्याची आशा वैद्यांनी सोडली आहे, तेथे काय करावे याचे उत्तर शब्दांत नको असेल तर वांद्र्याचे शांति आवेदना सदन पाहून यावे. 1986 साली निघालेली, कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठीची ही देशातली पहिली अशी संस्था. पैसे घेत नाहीत, धर्म विचारीत नाहीत. वेदना कमी करतात, अंग पुसतात, जवळ बसतात. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस जे केले, ते तेथे रोज चालते.

आता कोणी विचारतील, की वाचावे ते कसे? आमचा अनुभव थोडका आहे, तो सांगतो. एका वेळी दहाबारा ओळींपेक्षा अधिक वाचू नये. आवाज उपदेशकाचा नसावा, वर्तमानपत्र वाचतो तसा असावा. काय वाचू, हे आजाऱ्यालाच विचारावे. नको म्हणाला तर पुस्तक मिटावे आणि बसून राहावे. चमत्काराच्या कथा तापाने फणफणलेल्या माणसापुढे सपाटून वाचीत सुटू नये, त्याला त्या टोचतात. त्यापेक्षा लाजराच्या बहिणींचा निरोप वाचावा. तुझा आवडता मित्र आजारी आहे, एवढेच त्यांनी कळवले; ये म्हणाल्या नाहीत, बरे कर म्हणाल्या नाहीत. आणि येशू चार दिवस उशिरा पोहोचला तेव्हा दोघींनीही त्याला तोंडावर ऐकवले. तो रागावला नाही, रडला.

रात्री झोप न येणाऱ्याला स्तोत्रे बरी. दीडशे आहेत, त्यांतील रडण्याने सुरू होणाऱ्या बहुतेकांचा शेवट उजेडाने होतो. अठ्ठ्याऐंशीवे मात्र तसे नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच थांबते. ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी ते वगळले नाही, की त्याला खाली गोड शेवट जोडला नाही. रात्री दोन वाजता कोणी ते मागितले, तर शेवटपर्यंत वाचावे, आणि लगेच पुढचे स्तोत्र उघडू नये.