वाचकाचे रक्षण की वाचकावर पहारा?



सार्वजनिक ग्रंथालयातील संगणक हा मुख्यतः ज्याच्या घरी संगणक नाही त्याचा संगणक असतो, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. सुस्थित माणूस आपले खाजगीपण विकत घेऊ शकतो. स्वतंत्र खोली आणि स्वतःचे यंत्र त्याच्याजवळ असते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी विद्यार्थिनी किंवा नोकरी शोधणारा बेकार तरुण यांना तेच काम अनोळखी माणसांच्या शेजारी, अनेकांनी हाताळलेल्या यंत्रावर करावे लागते. म्हणून ग्रंथालयात इंटरनेट वापरणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न वरवर तांत्रिक दिसला, तरी मूलतः तो समतेचा आहे.

ही सुरक्षितता कोणापासून? पहिला धोका उघड आहे. एका वाचकाने खाते उघडेच ठेवून उठून जावे आणि पुढच्याने त्याचा गैरफायदा घ्यावा, हे सहज घडू शकते. यावरील उपाय अवघड नाहीत. वाचक उठताच त्याच्या वापराच्या साऱ्या खुणा पुसून यंत्र पूर्वस्थितीला आणण्याची व्यवस्था उपलब्ध आहे. पडदा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये अशी टेबले मांडण्यास तर पैसाही लागत नाही.

दुसरा धोका संरक्षणाच्या नावाने येतो. अमेरिकेत २००० साली मुलांच्या संरक्षणासाठी एक कायदा झाला. इंटरनेटसाठी केंद्रीय साहाय्य घेणाऱ्या ग्रंथालयांनी अश्लील चित्रे रोखणारी गाळणी बसवावी, अशी अट त्यात होती. तेथील ग्रंथालय संघटनेने या अटीला आव्हान दिले. परंतु २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा वैध ठरविला. प्रौढ वाचकाने मागणी केल्यास गाळणी काढता येते, हा त्या निर्णयाचा एक आधार होता. मुलांविषयीची चिंता रास्तच आहे. पण यंत्राला अश्लीलता आणि आरोग्यविषयक माहिती यांतील भेद नेहमीच कळतो असे नाही, आणि संकोची स्त्री ग्रंथपालाकडे जाऊन गाळणी काढण्याची मागणी करील, हे गृहीत धरणे भाबडेपणाचे आहे. त्यापेक्षा बालविभागातील यंत्रांवर गाळणी आणि प्रौढांची यंत्रे मोकळी, हीच विभागणी अधिक न्याय्य होय.

तिसरा धोका सत्तेचा. २००५ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात केंद्रीय तपास यंत्रणेने एका ग्रंथालय-संघाकडे संगणक वापरणाऱ्यांची माहिती मागितली. मागणीमागे न्यायाधीशाचा हुकूम नव्हता. उलट तिच्याविषयी कोणाशीही अवाक्षर न बोलण्याचे बंधन मात्र होते. संघाचे चार ग्रंथपाल न्यायालयात गेले. २००६ साली ते बंधन उठले आणि पुढे मागणीही सोडून देण्यात आली. परंतु तोपर्यंत ज्या कायद्यावर देशात वाद चालू होता, त्याचे नूतनीकरण होऊन गेले होते. ज्यांचा अनुभव त्या चर्चेत सर्वाधिक मोलाचा ठरला असता, त्यांचीच तोंडे बंद होती.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. गावोगावच्या ग्रंथालयांतील मुक्तद्वार वाचन विभागात मेजावर दहा वृत्तपत्रे पडलेली असतात; कोणी कोणते वाचले याची नोंद कोणी ठेवीत नाही. संगणक आला म्हणून हा संकेत मोडण्याचे कारण काय? सायबर कॅफेंसाठी केंद्र सरकारने २०११ साली नियम केले. ग्राहकाची ओळख नोंदवावी आणि पाहिलेल्या संकेतस्थळांचा तपशील किमान वर्षभर जपावा, असे ते सांगतात. हाच साचा ग्रंथालयाने उचलला, तर वाचनालय आणि चौकी यांत अंतर उरणार नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली दिला आहे. तो हक्क ग्रंथालयाच्या दाराबाहेर चपलांबरोबर ठेवावा लागू नये.

गुन्ह्याचा तपास व्हायलाच हवा. पण माहिती मागणाऱ्याने न्यायालयाचा लेखी आदेश आणावा. मुळात अनावश्यक नोंद ठेवलीच नाही, तर ती चोराच्याही हाती लागत नाही आणि सत्तेच्याही. ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांवर अनेक कार्यकर्ते काम करतात. काय नोंदवायचे, ते किती दिवस ठेवायचे आणि कोणाला दाखवायचे, याचा लेखी ठराव त्यांनी मंडळापुढे मांडावा आणि तो मंजूर करून संगणकाशेजारच्या भिंतीवर लावावा. कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता एवढे काम येत्या बैठकीतच होऊ शकेल.