उपकर भरला, खडू कुठे आहे?

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक नामदार गोखल्यांनी १९११ साली मांडले. परकीय सरकारने ते फेटाळले. खर्चाचीही सबब होतीच. करवीरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ साली हेच करून दाखविले. स्वराज्यात कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्चण्याची शिफारस केली. १९६८, १९८६, २०२० या तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी ती शिरोधार्य मानली. तिजोरीने मानली नाही. २००४ पासून करदाता शिक्षणासाठी उपकर भरतो आहे. तरीही कित्येक जिल्हा परिषद शाळांत खडू, वीजबिल आणि गळके छप्पर यांचा भार गुरुजींच्या खिशावर, गावाच्या लोकवर्गणीवर पडतो. वर्गणी गाव आनंदाने देते, तो संस्कारच आहे; पण ती गृहीत धरून शासनाने अनुदान लांबवावे काय? येत्या ग्रामसभेत हा हिशेब मागा.