पासिंगआधी चासी नंबर बघा

खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पासिंग आलं. आपण ब्रेक, दिवे, धूर बघत बसतो. इन्स्पेक्टर मात्र आधी चासी नंबर बघतो. समोर उभी आहे ती आर.सी.वरचीच गाडी, हे ठरल्याशिवाय तिचे ब्रेक तपासून उपयोग काय?

फौजेत हे अंगवळणी पडतं. लष्करी गाडीच्या पाटीवर वर टोक असलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे. पण पाटी कुणीही रंगवेल. चासीवर ठोकलेला नंबर खरा.

हल्लीच्या गाड्यांत हा नंबर १७ अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. तरी अर्जात शून्याच्या जागी ‘ओ’ लिहिणारे आहेतच!

समुद्राकाठी, मुंबई असो की चेन्नई, नंबर गंजतो. आदल्या आठवड्यात रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करा, कागद ठेवून पेन्सिलने छाप घेऊन बघा. ग्राइंडर नको. ‘साहेब, नवा ठोकून देतो’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला तर गाडीजवळही फिरकू देऊ नका. चोरीच्या गाडीवर हेच करतात, मग तुमच्या गाडीकडेही त्याच नजरेनं बघणार. इंजिन बदललंय? आर.सी.वर नोंद हवी.

परराज्यातल्या आपल्या लोकांसाठी आणखी एक. एमएच पाटीची गाडी तिकडे बारा महिन्यांहून जास्त राहिली, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ तिथला नंबर घ्यायला सांगतं. त्याला मूळ आरटीओची एनओसी लागते. पंधरावं वर्ष उजाडायच्या आधीच अर्ज टाका.