पाईपलाईनच्या वाटेनं



विलायतेत घोडे काठावरून चालत आणि कालव्यातल्या नावा ओढत. त्या वाटांवर आता लोक हौसेनं फिरतात. तशातली आपल्याकडची वाट ठाणे जिल्ह्यात आहे. शहापूर तालुक्यातला तानसा तलाव १८९२ सालचा. तिथून मुंबईला जाणाऱ्या पाईपलाईनच्या कडेनं देखभालीचा रस्ता आहे. भिवंडी तालुका ओलांडून, कशेळीजवळ खाडी पार करून ती पाईपलाईन ठाण्यात बाळकुमला येते. एकदा पायी चालून बघा.

मी शेतकी पदवीधर, मला गंमत वाटली ती उताराची. तलाव उंचावर, म्हणून पाणी आपोआप मुंबईला पोचतं. कल्याण-डोंबिवलीला मात्र उल्हास नदीतून मोटारींनी उपसावं लागतं.

आता दुसरी बाजू. तानसा शहापुरात, भातसा धरणही शहापुरातच. पाऊस आपल्या कपाशी-ज्वारीच्या मुलखाच्या दुपटीहून जास्त. तरी उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर! मुंबईकरानं तहानलेलं राहावं असं कोण म्हणेल? पण माल इथला आणि हिशेब तिथला, हा प्रकार आपल्याला कापसापासून ठाऊक आहे.

तुमच्या तालुक्यातलं पाणी कुठून निघतं, कुणाच्या बांधावरून जातं, हे पायी बघून या. पुढच्या बैठकीत गाववार सांगा.